शुगरची गोळी

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. एरवी तिचा मेसेज येतो, फोन येत नाही. त्यामुळे नाव दिसल्यावर आधी छातीत धस्स झालं.

"मावशी, तू एकटी आहेस का?"

म्हटलं, "गच्चीवर आहे. बोल."

"मला डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्यात. मेडिकलवाल्यानं पिशवीत घालताना विचारलं, घरात पेशंट कोण आहे? एक शुगरची आहे म्हणाला आणि एक कॅन्सरची. मावशी, मला नेमकं झालंय तरी काय?"

मला हसूही आलं आणि रडूही. भाची जळगावला असते, लग्नाला तीन वर्षं झालीत. पाळी दोन-दोन महिने येत नाही. म्हणजे तिला जे झालंय तेच मला झालं होतं. आणि बरोबर असाच धक्का मला २०१२ साली बसला होता. फक्त माझ्या पिशवीत कॅन्सरची गोळी नव्हती. त्यामागेही एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

तिला फोनवर अर्धा तास समजावलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून काढायला हवं. मी डॉक्टर नाही. धुळ्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. तेव्हा हा वैद्यकीय सल्ला नाही, हे आधीच सांगते. हे एका बाईचं मत आहे, जिनं ती गोळी दोनदा खाल्ली. एकदा मूल व्हावं म्हणून, आणि आता... तेही पुढे येईलच.

*

माझं माहेर जळगाव, सासर धुळे. लग्न २००९ चं. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षापासून आखाजीला माहेरी गेलं की झोक्यावर बसल्याबसल्या बायका विचारायच्या, "काई शे का वं?" श्रावणात कानबाईच्या रोटाला सगळं भाऊबंद जमायचं, तेव्हा तर हमखास. एखादी चुलतसासू माझ्या पोटाकडे बघून मग तोंडाकडे बघायची. 'काही आहे का' या तीन शब्दांत केवढं काही असतं हे ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांना कळायचं नाही.

माझी पाळी पहिल्यापासून अनियमित. कधी चाळीस दिवसांनी, कधी सत्तर. आई म्हणायची, लग्न झालं की होईल ठीक. (हे वाक्य कोणी शोधून काढलं असेल देव जाणे. लग्नानं ठीक होणाऱ्या गोष्टींची यादी आपल्याकडे फार मोठी आहे.) धुळ्यात डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. म्हणजे डॉक्टर भरपूर होते, पण दवाखान्याच्या पायऱ्या चढले की संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. म्हणून आम्ही जळगाव गाठलं. 'माहेरी जाते' म्हटलं की कोणी विचारत नाही.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, नवऱ्यालाही तपासणी करून यायला सांगितलं. तो जरा घुटमळला, पण गेला. त्याचा रिपोर्ट चांगला आला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पीसीओडी आहे. बीज तयार होतं, पण पिकत नाही, फुटत नाही. घाबरायचं कारण नाही." आणि चिठ्ठी लिहून दिली. घरी येऊन पाकिटातला बारीक अक्षरातला कागद उलगडला. मेटफॉर्मिन. मधुमेहासाठी.

मला मधुमेह नव्हता. माझ्या वडिलांना होता. त्यांच्या टेबलावर तीच गोळी मी लहानपणापासून बघत आले होते.

*

आता थोडं विज्ञान. शाळामास्तरीण आहे, सुटका नाही.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांची माहिती छापली. पाळी येत नाही, मूल होत नाही, काहींच्या चेहऱ्यावर केस, आणि अंडाशयात बारीक बारीक फोडांसारखं काहीतरी. त्यावरून या आजाराला 'पॉलिसिस्टिक' नाव पडलं. पण ते फोड नव्हेत, गाठीही नव्हेत. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पूर्ण पिकतं आणि फुटतं. इथे ती अर्धवट वाढतात आणि तिथेच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात ती ही थांबलेली बीजकोशं. 'गाठी आहेत' असं ऐकून रात्र रात्र न झोपलेल्या बायका मी पाहिल्यात. मीही त्यातलीच.

बीजं का थांबतात याचं उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. १९८० च्या सुमारास लक्षात आलं की यातल्या बऱ्याच बायकांच्या रक्तात इन्शुलिन जास्त असतं. साखर नव्हे, इन्शुलिन. हा फरक महत्त्वाचा आहे.

आमच्या गल्लीत एक आप्पा होते, ठार बहिरे. त्यांची सून दुपारी चारला ओरडायची, "आप्पा, चहा घ्या!" आप्पांना ऐकू जायचं नाही. ती आणखी मोठ्यानं ओरडायची. चौथ्या हाकेला आप्पा वळायचे, पण तोवर शेजारच्या घरात नुकती झोपलेली बाई दचकून उठलेली असायची. तिचे कान चांगले ना!

इन्शुलिनचं असंच होतं. आपलं यकृत, आपले स्नायू बहिरे होतात. इन्शुलिनची हाक त्यांना नीट ऐकू जात नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आवाज चढवतं. साखर कशीबशी ताब्यात राहते, म्हणून तपासणीत ती बरोबरच दिसते. पण शेजारी अंडाशय आहे आणि ते बहिरं नाही! त्याच्यावर या आरडाओरड्याचा मारा होतो आणि ते पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लागतं. एरवी ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, तेही इन्शुलिन वाढलं की कमी होतं. परिणामी बीजं अर्ध्यावर अडकतात, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात.

मेटफॉर्मिन यकृताला साखर सोडण्यापासून आवरतं आणि शरीराचे कान थोडे उघडतं. हाकेचा आवाज खाली येतो. शेजारणीची झोपमोड थांबते. काही जणींमध्ये बीजं पुन्हा पिकायला लागतात. एवढंच.

ही गोळीही काही आजची नव्हे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे. तिच्यातल्या रसायनाचा माग काढत काढत १९२२ मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झालं आणि मग जवळजवळ विसरलंही गेलं. १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं ते मधुमेहावर वापरून दाखवलं. पीसीओडी असलेल्या बायकांना ते देऊन पाहिल्याचा पहिला अहवाल १९९४ चा. अवघ्या २६ बायका. काहींची पाळी नियमित झाली आणि काहींना चक्क दिवस गेले. तिथून हे सगळं सुरू झालं. पण पाकिटातल्या कागदावर आजही मधुमेहच लिहिलेलं असतं, आणि मेडिकलवाला तोच कागद वाचतो.

*

आता माझी फजिती.

ही गोळी सुरुवातीला पोटाला मानवत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जेवणासोबत घ्या, आठवडाभर एकच घ्या, मग वाढवा. मी शहाणी! लवकर गुण यावा म्हणून पहिल्याच दिवसापासून तीन सुरू केल्या, त्याही उपाशीपोटी. दुसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याला एसटीनं निघाले. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, आणि पोटात जी कळ आली म्हणता... मधल्या एका स्टँडवर बस थांबेपर्यंत मी सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते. मुलासाठी नव्हे! तर सांगायचं काय, ज्यांना ही गोळी दिली जाते त्यांनी हळूहळू वाढवण्याचा सल्ला मनावर घ्यावा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, त्या पोटाला बऱ्या पडतात. मेटफॉर्मिन एकटं घेतलं तर साखर धोकादायक खाली जात नाही, त्यामुळे 'शुगर नसताना शुगरची गोळी खाल्ली तर चक्कर येऊन पडशील' ही भीतीही खोटी. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही गोळी चालत नाही. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं लागतं.

दुसरी फजिती मात्र हसण्यासारखी नव्हती.

गोळ्या मी साड्यांच्या घडीत ठेवायची. एक दिवस सासूबाईंना पट्टी सापडली. त्यांच्या बहिणीला मधुमेह, त्यामुळे त्यांनी ती लगेच ओळखली. मी शाळेतून आले तर ओट्यावर पट्टी ठेवलेली.

"तुले साखर शे?"

म्हटलं, "नाही हो आई."

"मंग ही कसानी गोयी शे?"

मला बोलताच आलं नाही. रविवारी माझ्या वडिलांना धुळ्याला बोलावून घेतलं. मुलगी देताना साखर लपवली, असा आरोप! बैठकीत मोठे दीर, मामेसासरे, चहाचे कप, आणि मधोमध ती पट्टी. वडील पासष्ट वर्षांचे. आयुष्यभर मान खाली घालावी लागेल असं काही केलं नव्हतं त्या माणसानं. म्हणाले, "साखर मला आहे. पोरीला नाही. पण मला आहे, ते आम्ही सांगितलं होतं." आणि गप्प बसले. मी दाराआड उभी. नवरा तेव्हा बोलला, हे मी विसरणार नाही. म्हणाला, "गोळी बीज पिकण्यासाठी आहे. तपासणी माझीही झालीय. विचारायचं असेल ते मला विचारा."

त्या रात्री मी सासूबाईंना बहिऱ्या आप्पांची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण डोकं असं की नववीच्या वर्गात कोणी विचारला नसता असा प्रश्न विचारला. "मंग त्या बहिऱ्याले समजाडा ना, शेजारनीले काबर त्रास?" म्हटलं, आई, ही गोळी तेच तर करते. त्या दिवसापासून रोज जेवण झालं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "गोयी खादी का?"

मला आजही वाटतं, जी गोष्ट एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या उदाहरणानं चौथी शिकलेल्या बाईला कळते, ती चिठ्ठी देताना दोन मिनिटांत का सांगितली जात नाही? दवाखान्यात बाहेर चाळीस जणी बसलेल्या असतात, कबूल. पण त्या दोन मिनिटांची बचत माझ्या वडिलांनी त्या बैठकीत फेडली.

*

गोळीच्या जोडीला बीज वाढवणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळ्या होत्या. मग दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी सोनोग्राफी, बीज किती मिलिमीटर झालं ते बघायला. प्रत्येक वेळी रजा, प्रत्येक वेळी माहेर. आई दारात उभी राहून फक्त एक आकडा विचारायची, "किती?" अठरा म्हटलं की त्या दिवशी भरीत-भाकरी, बारा म्हटलं की मुगाची खिचडी.

असं वर्षभर चाललं. २०१३ च्या मे महिन्यात दिवस राहिले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये मुलगी झाली.

आता याचं श्रेय कोणाला? सासूबाई म्हणतात कानबाईला. आई म्हणते पद्मालयाच्या गणपतीला. शेजारच्या वहिनींनी शतावरी आणून दिली होती, त्यांची खात्री की शतावरीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगला प्रतिसाद दिलात. आणि मी? मला खरंच माहीत नाही. वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. गोळी सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत पाळी पस्तीस दिवसांवर आली, एवढं दिसतं. त्यापलीकडे माझी एकटीची वही काही सिद्ध करत नाही. एका बाईला गुण आला म्हणजे औषधाला गुण आहे असं नव्हे, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. स्वतःलाही सूट नाही.

त्यासाठी मोठे प्रयोग लागतात. अमेरिकेत ६२६ बायकांवर असा एक प्रयोग झाला, २००७ साली छापून आला. सहा महिने नुसतं मेटफॉर्मिन घेतलेल्या शंभरात साधारण सात जणींना मूल झालं. नुसतं क्लोमिफीन घेतलेल्या शंभरात बावीस-तेवीस. दोन्ही घेतलेल्या शंभरात सत्तावीस. म्हणजे मूल होण्यासाठी नुसती शुगरची गोळी ही काही रामबाण नव्हे. हा निकाल आला तेव्हा अनेकांचा उत्साह मावळला. पुढे २०१४ मध्ये ७५० बायकांवरच्या प्रयोगात दिसलं की क्लोमिफीनपेक्षा लेट्रोझोल चांगलं, शंभरात एकोणीस विरुद्ध सत्तावीस-अठ्ठावीस.

हे लेट्रोझोल म्हणजेच भाचीची 'कॅन्सरची गोळी'. मूळ औषध स्तनाच्या कॅन्सरचं. मूल होण्यासाठी ते वापरायला आपल्या सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठवली. माझे उपचार नेमके त्या मधल्या काळात झाले. म्हणून माझ्या पिशवीत ती गोळी नव्हती. आज जगभरातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात बीज पिकवण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. मेटफॉर्मिनला जागा आहे, पण मदतनिसाची. नवरीसोबत पाठवलेल्या पाठराखणीसारखी.

म्हणून मला दोन्ही टोकांचा राग येतो. गोळी बघून 'हिला साखर आहे' म्हणणारे एका टोकाला. आणि पाळी आठ दिवस लांबली की मेडिकलवर जाऊन 'ती पीसीओडीची गोळी द्या' म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाला. आमच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी माझ्याकडे पट्टी मागितली होती, "तुम्हाला गुण आला ना, दहा द्या की." मी दिली नाही. त्या महिनाभर बोलल्या नाहीत. पाळी लांबण्याची कारणं दहा असतात, थायरॉईडपासून काळजीपर्यंत. दुसरीची गोळी म्हणजे काही विरजण नव्हे, वाटीभर मागून आणायला.

*

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मुलगी पोटात असताना सातव्या महिन्यात माझी साखर थोडी वाढलेली निघाली. खाण्यावर ताबा ठेवून भागलं. बाळंतपणानंतर फायलीवर लिहिलेलं होतं, सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासा. ती फाईल कपाटात गेली. सहा आठवड्यांनी घरात बाळाचे डोस होते, तेलमालीश होतं, डिंकाचे लाडू होते. माझी साखर कोणाच्या डोक्यात नव्हती, माझ्याही नाही. गोळी बंद झाली ती झालीच. पाळी पुन्हा लांबायला लागली, पण आता कोणाला त्याचं काय? मूल झालं होतं ना!

२०२२ मध्ये शाळेत तपासणी शिबिर लागलं. मुलांच्या रांगेशेजारी शिक्षकांची रांग. बोट टोचलं. २३८. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कधीपासून आहे?" कधीपासून आहे, हे सांगायला मी आठ वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

आता मी पुन्हा तीच गोळी खाते. त्याच रंगाची पट्टी. आता खरोखरच शुगरची.

पीसीओडी असलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. गरोदरपणात साखर वाढली असेल तर आणखी जास्त. तज्ज्ञ सांगतात, अशा बाईनं दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहावं. हे मला कोणी सांगितलं नाही असं म्हणणार नाही. फायलीवर होतं. पण सगळ्या घरानं, सगळ्या दवाखान्यानं आणि मीही तो आजार 'मूल न होण्याचा आजार' म्हणूनच धरला होता. मूल झालं, आजार संपला. बाई फायलीतून नाहीशी झाली, तिच्या जागी बाळाची फाईल आली.

माझं मत एवढंच आहे. ही गोळी मुलासाठी नसते. ती बाईच्या शरीरासाठी असते. मूल हा त्यातला एक भाग झाला. मूल झालं तरी ते शरीर राहतं, आणि नाही झालं तरी राहतं. ज्या बायकांना वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही मूल झालं नाही, त्यांनी तर कंटाळून दवाखाना सोडलेला असतो. त्यांची साखर कोण बघतं? त्यांच्याकडे 'काई शे का' असं विचारणारे खूप होते. 'तू कशी आहेस' म्हणणारं कोणी नव्हतं.

लोक म्हणतात, हा जाड बायकांचा आजार. मी तेव्हा बावन्न किलोंची होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून लठ्ठ. आपण भारतीय असे असतो. तेव्हा काटा बघून 'तुला कशाला होतंय' म्हणू नये. पोटाचा घेर बघावा, घराण्यात साखर आहे का ते विचारावं.

आणखी एक. ही गोळी बरीच वर्षं घेतली तर ब जीवनसत्त्वातलं बी-बारा कमी होऊ शकतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. याच याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये ते कमी निघालं होतं. माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी चपलेला दोष देत होते. तपासलं तर बी-बारा. तेव्हा गोळी घेणाऱ्यांनी तेवढं मधूनमधून बघावं.

वर्गातल्या मुली कधीकधी डबा खाताना जवळ येऊन हळूच विचारतात, "मॅडम, पाळी दोन महिने आली नाही, काही होतं का?" मी दोन गोष्टी सांगते. सुरुवातीची काही वर्षं पाळी मागेपुढे होतेच, लगेच पीसीओडीचा शिक्का नको. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आता तज्ज्ञही सांगतात. आणि दुसरी गोष्ट, सतत असंच होत राहिलं तर आईला सांगा, डॉक्टरकडे जा. 'लग्न झालं की होईल ठीक' म्हणून थांबू नका. लग्न हे औषध नव्हे.

*

भाचीनं शेवटी विचारलं, "मावशी, गोळ्या सासूबाईंपासून लपवू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिचं घर मला माहीत नाही. लपवू नको म्हणणं सोपं असतं. बैठकीत मधोमध पट्टी ठेवलेली असते तेव्हा दाराआड आपण एकट्याच उभ्या असतो. म्हटलं, "आधी नवऱ्याला सांग. नीट समजावून सांग. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी ती करायला लाव. मग दोघं मिळून ठरवा. आणि एक वचन दे. मूल होवो न होवो, दर वर्षी वाढदिवसाला साखर तपासायची."

"वाढदिवसाला? केक खाऊन?"

"आधी उपाशीपोटी रक्त दे. मग केक."

हसली. बऱ्याच वेळानं हसली.

मी खाली आले. माझ्या गोळ्या आता साडीच्या घडीत नसतात, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असतात. मुलगी पट्टी हातात घेऊन बघत होती. तिची पाळी आता कधीही सुरू होईल.

"आई, ही कसली गोळी?"

म्हटलं, "बस. तुला एका बहिऱ्या आप्पांची गोष्ट सांगते."

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आलीच. आता त्या एकोणऐंशीच्या आहेत, त्यांनाच कमी ऐकू येतं, त्यामुळे जरा मोठ्यानंच बोलतात.

"गोयी खादी का?"